चौतीस कुलुपं

“पण मास्तर, मशीनच जुनाट असेल तर माझा काय दोष?”

शर्वाणीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. योहान मास्तर तिसऱ्यांदा चष्मा पुसायला लागले.

मिरजेत आमचं कॅलिपरचं दुकान आहे. ज्यांचे पाय त्यांना उभं राहू देत नाहीत, त्यांना आम्ही दांड्या, पट्टे आणि बिजागऱ्या लावून उभं करतो. मास्तरांनी तीस वर्षं हे काम हातोडीनं केलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी संगणकावर शिकले. मी दौलत. चामड्याचे पट्टे शिवतो. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत.

शर्वाणी मगदूम म्हणजे डिप्लोमाला पहिली आलेली पोरगी. दीड वर्षापूर्वी मास्तरांच्या हाताखाली शिकायला आली. हुशार आहे, आणि ते तिला माहीत आहे, हीच पंचाईत.

बाकावर आफरीन बसली होती. अकरा वर्षांची, डावा पाय जन्मापासून लुळा. शेजारी तिचे वडील इसाकभाई, रिक्षा चालवतात. गेल्या दिवाळीत शर्वाणीनंच केलेला कॅलिपर तिला आखूड पडला होता. गुडघा वर गेला, बिजागरी खालीच राहिली, आणि घासून घासून तिथं जखम झाली. शेवटचा महिनाभर बाप तिला पाठुंगळी घेऊन वर्गात पोचवत होता. आता उन्हाळ्याची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार होती.

“सोमवारी मी पाठीवर बसून जाणार नाही,” आफरीननं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. “नाहीतर शाळाच सोडते.”

ही पोर बोलते ते करते, हे सगळ्या दुकानाला ठाऊक.

शर्वाणीला वाटलं, त्यात काय अवघड! आमच्या संगणकात अख्खा कॅलिपर मापांवर उभा असतो. एक माप बदललं की बाकीचं आपोआप त्याच्यामागं जातं. तिनं गेल्या दिवाळीचंच चित्र उघडलं आणि ऐटीत नडगीचं नवं माप टाकलं. दोनशे सत्त्याऐंशीच्या जागी तीनशे बारा मिलिमीटर.

संगणकाचा पंखा घरघरायला लागला. पडद्यावर सगळं लालेलाल. बिजागरी एकीकडं, दांडी दुसरीकडं, मांडीचं कवच तर हवेत लटकलेलं.

“बघा! मेमरीच पुरत नाही,” शर्वाणी म्हणाली. “पुण्यात असल्या डब्याला कुणी हात लावणार नाही.”

मास्तर पडद्यावर वाकले.

“नाहीतर मग माप चुकलंय.”

ती उठली. फीत घेऊन आफरीनची नडगी मोजली. तीनशे बारा. पुन्हा मोजली. तीनशे बारा.

“दीदी, मी वाढले ना!”

“माफ करा हं ताई,” इसाकभाई खाली बघत म्हणाले. “या वर्षी पोर जरा भराभरच वाढली.”

माझ्या हातातली आरी थांबली. लेकरू वाढलं म्हणून बापानं माफी मागायची? आणि तीही आमच्या दुकानात? मला इतका राग आला की टाका चुकला.

मास्तरही इसाकभाईंकडं बघत राहिले. मग स्टूल ओढून संगणकासमोर बसले. बराच वेळ रेघा उलगडून बघत होते.

“शर्वाणी, कुलुपं किती ठोकलीस?”

“…चौतीस.”

एवढं मलाही बघून बघून समजलंय. त्या पडद्यावर ज्या रेघेची जागा ठरलेली नाही ती निळी दिसते. ठरली की काळी होते. रेघ काळी करायचे मार्ग दोन. एक म्हणजे तिचं नातं सांगायचं, की बाई, तू ह्या सांध्यापासून इतक्या अंतरावर, तू हिला समांतर, तू हिच्या निम्मी. त्याला डोकं लागतं आणि वेळ लागतो. दुसरा मार्ग सोपा. जिथं आहे तिथंच तिला कुलूप ठोकायचं. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या.

“तुम्हीच म्हणालात, निळी रेघ ठेवून घरी जायचं नाही,” शर्वाणी म्हणाली.

“म्हणालो खरा.”

“मग? एक तरी निळी दाखवा!”

“एकही नाही,” मास्तर म्हणाले. “दौलत, खुंटीवरचा मोठा कॅलिपर आण.”

मी आणला. मास्तर खाली वाकले आणि सलवारीवरूनच शर्वाणीच्या डाव्या पायाला कॅलिपर चढवायला लागले.

“अहो मास्तर, हे काय?”

मास्तरांनी मांडीचा पट्टा आवळला, नडगीचा आवळला. गुडघ्याजवळची लोखंडी कडी दांडीवरून घसरून खाली बसली. टक्.

“बस आता.”

शर्वाणी बसायला गेली. पाय वासा होऊन पुढं आला. टेबल धरलं, स्टूल धरलं, एकदा तर माझा खांदा धरला. कंबर वाकली, गुडघा काही वाकेना.

“बसता येत नाही मास्तर.”

“का गं? सगळं पक्कं आहे की.”

आफरीन इतकी हसली की तिला ठसका लागला. मग बाकावरून वाकून तिनं हात लांब केला.

“दीदी, कडी!”

दोन बोटांनी कडी वर उचलली. गुडघा असा काही दुमडला की शर्वाणी धप्पकन आफरीनच्या शेजारी येऊन बसली.

“उभं राहायला कडी खाली,” आफरीननं समजावून सांगितलं, “बसायला वर. पहिल्याच दिवशी शिकवतात.”

“तुला कुणी शिकवलं?” मास्तरांनी विचारलं.

“दीदीनंच की!”

शर्वाणीचे कान लाल झाले. मी दोरा ओवायला घेतला. खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि ते बरं वाटणंही ओसरलं. ती आफरीनच्या नडगीवरच्या जखमेकडं बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

“हे माझ्यामुळं झालं,” ती हळूच म्हणाली.

मास्तर तिच्या पायाचे पट्टे सोडत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

“कुलुपं काढते. पण सगळं निळं होईल.”

“होऊ दे.”

“आणि सुरुवात कुठून करू? गेल्या वेळी टाचेपासून केली होती. जमीन हलत नाही म्हणून.”

मास्तर आफरीनसमोर फरशीवर मांडी घालून बसले. तिच्या गुडघ्यावर त्यांनी एक बोट ठेवलं.

“गुडघा?” शर्वाणी म्हणाली. “मास्तर, तो तर हलतो!”

“म्हणूनच.”

तिनं आफरीनचा गुडघा एकदा वाकवून बघितला, मग उठून संगणकासमोर बसली.

एक कुलूप काढलं. दुसरं काढलं. पडदा हळूहळू निळा होत गेला. मग ती एकेका रेघेला तिची सोयरीक सांगायला लागली. मधेच उठायची, आफरीनला विचारायची, “जिना चढताना कुठं टोचतं गं? रिक्षात बसताना?” असले प्रश्न तिनं दीड वर्षात कुणाला विचारले नव्हते. जेवणाचा डबा तसाच राहिला. मशीन जुनं आहे हेही ती विसरली.

चार वाजता चहा आला तेव्हा शेवटची रेघ काळी झाली. तिनं तीनशे बारा टाकलं आणि डोळे मिटून घेतले.

पंखा घरघरला नाही.

तिनं एक डोळा उघडला. बिजागरी बरोबर गुडघ्यावर बसलेली. दांड्या वरखाली सरकून आपापल्या जागी. एक लाल ठिपका नाही. मास्तरांकडं न बघताच तिनं आकडा पुसला आणि तीनशे तीस टाकला. मग तीनशे साठ. प्रत्येक वेळी कॅलिपर उंच होत गेला, गुडघा धरून.

“हा कुणाचा?” आफरीननं विचारलं.

“तुझाच. सातवीतला.”

“आणि हा?”

“दहावीतला.”

आफरीन पडद्याच्या अगदी जवळ गेली. “एवढी उंच होणार मी?”

“याहून जास्त झालीस तरी चालेल,” शर्वाणी म्हणाली. “आता चालेल.”

इसाकभाई तोंड फिरवून खाकी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले.

दोन दिवसांत दांड्या कापून आल्या, मी पट्टे शिवले. जखमेला लागू नये म्हणून शर्वाणीनं तिथला पट्टा दोनदा उसवायला लावला. एरवी मी ऐकलं नसतं. शनिवारी दुपारी कॅलिपर चढला. आफरीन बाकापासून दारापर्यंत गेली, दारापासून पायरीपर्यंत. पायरीशी इसाकभाई सवयीनं पाठ करून खाली बसले होते.

तिनं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“अब्बा, उठा आता.”

आणि शेजारून पुढं गेली. टक् टक् करत रिक्षापर्यंत गेली, कडी उचलली आणि आत बसली. मी रडलो. रडलो म्हणजे चांगला हुंदके देऊन रडलो, कुणी काही म्हणो.

शर्वाणी रिक्षाशी वाकून पुन्हा एकदा बिजागरी चाचपून बघत होती. वर बघितलं तेव्हा तिच्या तोंडावरची ती जुनी ऐट कुठं नव्हती.

“मास्तर, आता तरी माप बरोबर आहे ना? पुन्हा नाही ना चुकणार?”

मास्तरांनी रिक्षात हात घालून आफरीनच्या डोक्यावर ठेवला. डोळे मिटले…

“देवा, पुढच्या दिवाळीला हे माप पुन्हा चुकू दे.”