सात डोंगरांचा कायदा

एका राज्यात असा राजा होता, की ज्याला आपल्या नगराबाहेर जाताच येत नसे. पूर्वेच्या वेशीतून निघाला, दिवसभर घोडा दौडवला, की सायंकाळी पश्चिमेच्या वेशीतून आत. उत्तरेकडून निघाला तर दक्षिणेकडून आत. त्याच्या बापाचे असेच झाले, आजाचेही असेच. पहारेकऱ्यांना सवय झाली होती. स्वारी बाहेर पडली की ते निवांत समोरच्या वेशीवर जाऊन, पाय धुवायला पाणी काढून ठेवीत.

राजाचे नाव शूरतुंग. नाव मोठे, जग मात्र चार वेशींएवढे.

त्याच्या पदरी मसीनाथ नावाचा मांत्रिक होता. त्याची विद्या शाईची. तो लिही ते खरे होई, आणि त्याला न रुचणारे कोणी लिहिले, तर शाई वाळण्याआधी कागदावरून उडून जाई. एके दिवशी तो राजाला म्हणाला, "महाराज, आपला शाप सात डोंगरांत आहे. तिथे जमिनीखाली सात रांजण आहेत, त्यांवर नाग आहे. डोंगरकरांचे पाडे उठवा, डोंगर खणा, शाप सुटेल."

दवंडी गेली. येत्या अमावास्येच्या आत पाडे रिकामे करा.

डोंगरकरांत सावरी नावाची एक बाई होती. पंचेचाळिशीची, काटक, आणि बोलायला कोणाला न भिणारी. पाड्यावर गाठोडी बांधली जाऊ लागली, तशी ती उठली, चार दिवस चालली आणि थेट राजसभेत येऊन उभी राहिली. एकवीस सरदार तिच्या धुळीच्या पायांकडे पाहू लागले.

"बाई, काय हवे?" राजाने विचारले.

"काही नको, महाराज. आम्ही उठणार नाही, एवढे सांगायला आले."

"आणि ते रांजण?"

"आहेत. बियाण्याचे आहेत. आमच्या आज्यांनी पुरलेत."

"नाग?"

"तोही आहे. उंदीर खातो."

राजाला हसू आले. मसीनाथाला आले नाही. त्याने एक ताम्रपट पुढे केला. "महाराजांच्या आजांच्या काळी मोजणीदार डोंगरात गेला होता. सात डोंगर मालकाने आपल्या मुखाने राजाला दिले, असे यावर कोरले आहे. मालक म्हणजे हिचा आजा, केरू. हा पट मोडायचा तर सभेने कायदा केला पाहिजे, आणि कायदा वाऱ्यावर होत नाही. बाईने तीन गोष्टी कराव्या. त्या दिवशी हजर असलेला साक्षीदार आणावा. सात डोंगरांची शीव साखळी न लावता, कागद न पाहता, एक पाऊल न चुकता दाखवावी. आणि कायदा असा आणावा, की माझ्यासमोर लिहिला तरी शाई उडू नये."

"बरे," सावरी म्हणाली, आणि आल्या पावली परत फिरली.

केरूच्या अंगणातल्या उंबरावर एक धनेश पक्षी राहात असे. त्याला किती वर्षे झाली हे उंबरालाही ठाऊक नव्हते. चोच एवढी मोठी, की बोलण्याआधी मान सावरावी लागे.

"काय गं केरूच्या नाती, रिकाम्या हाताने?"

"उंबरे तुझ्यासमोरच आहेत की, धनेशदादा."

"समोरची मी रोज खातो. कोणी आणून दिलेली खाल्ली नाहीत."

सावरी झाडावर चढली, त्याच्याच फांदीची उंबरे तोडली, खाली उतरली, पुन्हा वर चढली आणि त्याला दिली. धनेश प्रसन्न झाला. तिच्या खांद्यावर बसून राजसभेत आला आणि गेलेल्या माणसांच्या आवाजात बोलू लागला. आधी मोजणीदाराचा घोगरा आवाज निघाला, "ही जमीन कोणाची रे?" मग केरूचा, "आपलीच की पाव्हणं. बसा, आंबील घ्या."

मसीनाथ म्हणाला, "ऐकलेत? दिली."

"ओसरीवर आलेल्याला आम्ही असेच म्हणतो," सावरी म्हणाली. "घर तुमचे, शेत तुमचे, डोंगर तुमचा. पाहुण्याला 'माझे' हा शब्द ऐकवायचा नाही, अशी आमची रीत आहे. पाहुणा जेवतो, उठतो, आणि उंबऱ्यावर मागे वळून म्हणतो, 'आमचे पोचले, तुमचे तुम्हाला.' मग तो निघाला असे धरतात. धनेशदादा, मोजणीदार काय म्हणाला?"

"ढेकर दिली," धनेश म्हणाला. "आणि परसातून गेला."

राजा पुढे सरकला. "म्हणजे आमचे घराणे अजून तुमच्या ओसरीवरच बसलेले आहे?"

"हो महाराज. निरोपच घेतला नाही, म्हणून कुठे निघालात तरी निघणे होत नाही."

एक सरदार हसला आणि मग खोकल्यासारखे करू लागला.

"तर मग आत्ताच निरोप घेतो," राजा म्हणाला.

"निरोप तोंडी, ताम्रपट लेखी," मसीनाथ म्हणाला. "दोन कामे राहिली."

दुसऱ्या कामाला राजा सोडून सगळी सभा डोंगरात आली. डोंगरकरांत नवी नवरी आली की सासू तिला शिवेवरून फिरवते आणि दर वळणाला एकेक नाव तिच्याकडून पाठ करून घेते. अशी तीनशे नावे. सावरी नावे घेत पुढे, एकवीस सरदार घाम पुसत मागे. हा कोल्हेओढा, ही म्हातारीची धोंड, इथे जांभळीचे खोड. मसीनाथाने त्या पहाटेच कागदावर दोन ओळी लिहून सातवा डोंगर पाव कोस सरकवून ठेवला होता. सावरी त्याच्या पायथ्याशी आली आणि थांबली.

"चुकलात का बाई?" मसीनाथाने गोड आवाजात विचारले.

तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. डोंगराला म्हणाली, "तू इथे काय करतोस? तुझा ओढा तिकडे एकटा वाहतो आहे."

डोंगर ओशाळला. उठला, झाडे सावरीत, दगड गोळा करीत आपल्या जागी जाऊन बसला. सरदारांनी वाट करून दिली, इतकेच.

नगरात परतल्यावर तिसऱ्या कामाला, कायदा लिहायला, सभा बसली. अमावास्या उद्यावर आली होती. कारकुनाने लिहिले, 'राजा कृपावंत होऊन सात डोंगर डोंगरकरांस देत आहे.' मसीनाथाने फुंकर घातली. शाई मुंग्यांसारखी उठली आणि खिडकीतून उडून गेली. कारकुनाने लिहिले, 'राजा उदार मनाने बक्षीस देत आहे.' तीही उडाली. तिसऱ्यांदा तर नुसते 'राजा देत आहे' एवढेच लिहिले, तेही टिकले नाही.

"पाडे रिकामे होऊ द्या आता," मसीनाथ म्हणाला.

पाड्यावरची बांधलेली गाठोडी सावरीच्या डोळ्यांपुढे आली. तरी ती उठली. "महाराज, रागावू नका. आमचे आम्हाला देणारे तुम्ही कोण? जे आपले नव्हते त्याचे दान कसले? चूक झाली, तेवढी लिहा."

"राजाची चूक, आणि दप्तरात?" मसीनाथ म्हणाला. "उद्या जो उठेल तो महाराजांना विचारील."

"विचारू दे," राजा म्हणाला. त्याने कारकुनाच्या हातून बोरू घेतला आणि स्वतः लिहिले. 'आमच्या आजांच्या मोजणीदाराने पाहुणचाराला दान मानले. ती चूक होती. सात डोंगर डोंगरकरांचे होते आणि आहेत.'

मसीनाथाने फुंकले, गाल फुगेपर्यंत फुंकले. एक वेलांटीसुद्धा हलली नाही. त्याची सारी विद्या दप्तरातल्या त्या एका खोट्यावर उभी होती. खोटे कबूल झाले, विद्या खाली बसली.

विद्या गेली तरी अक्कल शाबूत होती. तो नम्रपणे म्हणाला, "उत्तम. एक लहानसे कलम जोडू. ज्याच्यापाशी लेखी पुरावा, त्याचीच जमीन." सरदारांनी माना डोलावल्या. ऐकायला बरे वाटत होते.

"मोठ्याने वाचा," सावरी म्हणाली. कारकुनाने वाचले. "पुन्हा वाचा." पुन्हा वाचले. मग ती म्हणाली, "आमच्यात लिहिणारे एक माणूस नाही. ताट वाढले, आणि लगेच ओढूनही घेतले."

"मग पुरावा कशाचा धरायचा?" राजाने विचारले.

"म्हाताऱ्यांचा. पाड्याच्या सभेत म्हातारे माणूस उभे राहून सांगेल. खोटे बोलले तर लोक तिथल्या तिथे हसतील. आणि नाव नवऱ्याच्या बरोबरीने बाईचेही लावा. शीव आम्ही पाठ करतो."

राजाने सभेला विचारले. पंधरा हात वर झाले. पाच झाले नाहीत. एक सरदार झोपला होता, त्याला उठवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "यांचे होते ना? मग यांचेच." असे सोळा झाले आणि कायदा झाला. ताम्रपट जागच्या जागी वितळून त्याची एक पळी झाली. ती अजून मुदपाकखान्यात आहे, आमटी वाढायला.

पट वितळताच वेशीबाहेरची वाट सावरीच्या ओसरीपर्यंत उघडली, आणि राजा तिथे येऊन बसला. आंबील प्यायला, उठला, उंबऱ्यावर मागे वळला आणि म्हणाला, "आमचे पोचले, तुमचे तुम्हाला." आणि निघाला तो खरोखरच निघाला. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला, की समुद्र खारट आहे आणि लवकर परतण्याचा विचार नाही. मसीनाथाला काम मिळाले. पाड्यापाड्यांवर बसायचे आणि म्हातारी माणसे सांगतील ते, तसेच्या तसे, लिहायचे.

राजा निघाला त्याच दिवशी पाड्यावर लोक सावरीभोवती जमले. "काय आणलेस?"

"काम आणले," ती म्हणाली. "गाठोडी सोडा. उद्यापासून सभा. कोणाचे शेत कुठवर, ते आपण ठरवायचे."

तिचे बोलणे पुरे होते न होते, तोच धाकलू आणि त्याची चुलती भागी यांच्यात बांधावरच्या फणसावरून जुंपली. "फणस माझ्या सासऱ्याने लावला." "लावला असेल, वाढला आमच्या पाण्यावर." आवाज चढले. इतकी वर्षे हे भांडण कोणी काढले नव्हते. जमीनच आपली नाही, तर फणसाचे काय घेऊन बसायचे? सावरीने कोणाला गप्प केले नाही. ओसरीवर मांडी घालून बसली, पाणी मागवले आणि म्हणाली, "भागीकाकू, आधी तू सांग. सावकाश सांग. आता आपल्याला कोणी उठवत नाही."

सात डोंगरांवर त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत फणसाचा निवाडा चालला. कोणाचा ठरला ते मला माहीत आहे, पण तो त्यांच्या घरचा मामला. आपण इथे वळावे, आणि त्यांचे त्यांना ठेवून निघावे.