ठकीचा टेका

बसा मंडळी. दगडावर चढू नका, त्याच्या बाजूला सावलीत बसा. या दगडावर माणूस बसत नाही, ओझं बसतं. पाठीवरच्या पिशव्या खुशाल ठेवा वर, त्यासाठीच तो आहे. मीही टेकतो जरा. मला इथं सगळे तात्या म्हणतात आणि दमलेला म्हातारा म्हणूनही ओळखतात. दोन्ही खरं आहे.

खाली कोकण, वर आमची भोरवंडी, मध्ये ही नाळ, म्हणजे डोंगरातली उभी घळ, आणि नाळेच्या सगळ्यात उभ्या चढावर हे दोन दगड आणि त्यांच्यावरची ही आडवी शिळा. याला ठकीचा टेका म्हणतात. कुणी म्हणतं, इथं देऊळ होतं, ते पडलं आणि चौकट राहिली. कुणी म्हणतं, तोफ ठेवायची जागा होती. तोफ इथवर आणली कुणी आणि कशी, असं विचारलं की मग परत देवळावर येतात. मागं डिझाइन शिकणारी पोरंपोरी आली होती. त्यांनी टेप लावून सगळं मोजलं, चित्रं काढली आणि म्हणाली, "तात्या, हा फार मोठा शोध आहे. एकट्या माणसाला ओझं उतरवता येतं आणि परत डोक्यावर घेता येतं." मी म्हटलं, असेल बाबा. पोरं खोटं बोलत नव्हती. पण शोध म्हटलं की वाटतं, कुणाला तरी बसल्या बसल्या काहीतरी छान सुचलं. हा तसा सुचलेला नाही. सांगून सांगून माझी जीभ दमली आहे, तरी सांगतो. ते ऐकल्याशिवाय कुणाला वर सोडायचं नाही, ही आमच्या गावची खोड आहे.

फार मागं ही मिठाची वाट होती म्हणे. केव्हा ते मला विचारू नका, माझ्या आज्यालाही ते ठाऊक नव्हतं. खालून मीठ वर यायचं आणि वरून नाचणी खाली जायची. बैल या नाळेत चढत नाही, म्हणून मीठ यायचं ते बायकांच्या डोक्यावर. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर बांबूची पाटी, पाटीत पळसाची पानं आणि पानांवर मीठ. तुमच्यापैकी कुणी डोक्यावर भरली पाटी घेतली आहे का? नसेलच. मग एवढं समजून घ्या की भरली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. म्हणून बायका जोडीनं चालायच्या आणि ओझ्याला हात लावायला नाही म्हणणं हे पाप समजत.

पण या चढावर हात लावायलाही जागा नव्हती. पायवाट वीतभर, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. कड्यातून बारा महिने पाणी झिरपतं, आत्ताही बघा. ओल्या जमिनीवर मीठ ठेवलं तर घरी काय न्यायचं, नुसती पाटी? शिवाय सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे प्रत्येकीला आईनं सांगितलेलं. त्यामुळे रीत अशी पडली की पायथ्याला पाटी घेतली की ती माथ्यावरच्या खिंडीत पोचल्यावरच उतरवायची. मध्ये थांबायचं नाही. अशी रीत कुणी घालून दिली नव्हती, ती दमलेल्या माणसांनी आपोआप पाडली होती. तशा रिती मोडायला फार जड जातात.

तर भोरवंडीत भिवरा आणि ठकी अशा दोघी जावा होत्या. भिवरा थोरली, उंच आणि हाडापेरानं मजबूत. ठकी धाकटी, चणीनं लहान. भिवराच्या खांद्याशी तिचं डोकं येई. दोघींची जोडी होती. पायथ्याला आधी भिवरा ठकीच्या डोक्यावर पाटी चढवायची, मग ठकी टाचा उंचावून भिवराला हात लावायची. जावाजावांत भांडणं होतात तशी त्यांच्यातही व्हायची. पण जिनं रोज आपल्या डोक्यावर ओझं चढवायचं तिच्याशी किती दिवस अबोला धरणार?

त्या वर्षी ठकीला दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं होतं, तरी ती मिठाला जायची. आज तुम्हाला हे निर्दयपणाचं वाटेल. तेव्हाही ते निर्दयच होतं, फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं.

थंडीचे दिवस होते म्हणे, नाळेत धुकं भरलेलं. भिवरा पुढं होती आणि ठकी मागं. या चढाला लागल्यावर ठकी म्हणाली, "आक्का, जरा दम खाऊ द्या. पोटात कळ येतीया."

भिवरा म्हणाली, "हितं कुटं थांबतीस ठके? पाटी उतरली तर परत डोईवर कोण देईल? चल, खिंडीत बसू दोघी."

यात भिवराचं काय चुकलं? कुणीही हेच म्हटलं असतं. तिलाही कुणीतरी असंच म्हटलं होतं, तिच्या वेळी. ती चालत राहिली. थोड्या वेळानं तिनं पुढं बघतच हाक दिली, "येतीस न्हवं गं?" उत्तर आलं नाही. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही. वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं आणि वीतभर वाटेवर ते जिवावरचं काम. भिवराला वाटलं, पोर दम राखून चालली असेल, चढावर बोलणं परवडत नाही. तिनं तसं वाटून घेतलं आणि ती चालत राहिली.

खिंडीत कुणीतरी तिची पाटी उतरवली आणि तिनं मागं पाहिलं तर वाट मोकळी. ती तशीच धावत खाली आली.

ठकी इथं होती. कड्याला पाठ लावून बसलेली. पाटी डोक्यावरच होती, मागच्या कड्याला टेकवलेली, आणि एक हात वर पाटीला धरलेला. मीठ सांडलं नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही. पोटातलं बाळ आणि ती, दोघंही गेली होती.

गाव भिवराला काही बोललं नाही. उलट सगळे समजूत घालत होते की बाई, तुझ्या जागी आम्ही असतो तरी थांबलो नसतो. भिवराला तेच सोसेना म्हणे. ती एवढंच म्हणाली, "ती टेका शोधत व्हती. ह्या आख्ख्या कड्याला तिच्या डोईएवढा टेका न्हाई मिळाला." आणि तिनं देवापुढं बोलून टाकलं की या जागी ओझ्याला टेका उभा राहीपर्यंत मी मीठ खाणार नाही. मिठाच्या वाटेवरची बाई आळणी जेवायला लागली.

खाली कोकणात हणमा नावाचा एक वडार होता, पाट्यावरवंटे घडवायचा. भिवरानं त्याला गाठलं. दगड इथलेच, मजुरी नाचणीची. घरच्यांनी कुरकुर केली आणि म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. वाटेवर टेके बांधले तर बायका आळशी होतील, असं म्हणाले. ज्यांनी जन्मात पाटी डोक्यावर घेतली नव्हती असे म्हातारे, हे सांगायला नको. पण भिवरा ऐकणारी नव्हती. कडा फोडून जागा केली, दगड उभे राहिले, वर शिळा बसली. बायका म्हणाल्या, आता मीठ खा. कुणीतरी घरून मीठ घातलेली भाकरीही आणली.

भिवरा म्हणाली, आधी ओझं टेकू दे.

तिनं स्वतःची पाटी सहज टेकवली, सहज उचलली. मग पुढची आली. तिनं मान ताणली, टाचा उंचावल्या, पण पाटी शिळेच्या कडेला अडली. तिच्या मागचीला तेही जमेना. पाटी हिंदकळून मीठ दरीत सांडलं आणि ती बाई संतापून भिवराला म्हणाली, "आक्का, हा टेका तू तुज्यासाठी बांधलास व्हय? आमची डोकी काय तुज्याएवढी हायती?"

भिवरा तिथंच बसून रडायला लागली. टेका तिनं आपल्या मापानं उभा केला होता. ठकी जिवंत असती तरी तिला तो पुरला नसता. इतके दिवस आळणी जेवून, गावाशी भांडून, ती पुन्हा ठकीच्या पुढंच चालत आली होती. आणलेली भाकरी तिनं परत पाठवली.

हणमा म्हणाला, "बाई, खाली घेतो की शिळा. त्यात काय रडायचं? उंच मानूस गुडघ्यात वाकंल, बुटक्याला थोडंच वाढता येतंय? फकस्त किती खाली घिऊ ते सांग."

भिवराला सांगता येईना. ठकी केवढी होती? खांद्याएवढी म्हणावं तर चालताना ओझ्यानं दबलेली असायची. विचार करायला गेली की नजरेसमोर बसलेली ठकीच यायची, उभी ठकी येईना. शेवटी ती उठली, वाटेवर उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. मग खाली वाकून, पायथ्याला रोज उचलायची तशी, नसलेली पाटी दोन्ही हातांनी उचलली. हात वर गेले आणि एका जागी आपसूक थांबले. तिथं ते कितीतरी वर्षं थांबत आले होते. आठवणीत न सापडलेली ठकी हातांना पाठ होती.

"हितं," ती म्हणाली. हात खाली आणायला ती तयार नव्हती म्हणे. हणमानं त्या हातांखाली खूण केली तेव्हा तोही रडत होता.

ही शिळा त्या खुणेवर आहे. तुमच्यातल्या उंच मंडळींना ती छातीशी येते आणि तुम्ही म्हणता, बुटकी झाली. झाली असू दे.

भिवरानं मग मीठ खाल्लं का? काही सांगतात, खाल्लं. काही सांगतात, इतक्या काळानं जिभेला ते सोसेना, ती आळणीच जेवत मेली. मला विचाराल तर तिनं खाल्लं असावं. माणसानं कधीतरी सुटावं.

पण तिनं टेक्याबरोबर एक रीत घालून दिली आणि ती आजही चालते. इथं ओझं टेकवलं की पाणी प्यायचं नाही, घाम पुसायचा नाही. आधी दरीकडं तोंड करून हाक द्यायची, "डोकं रिकामं हाय! कोण हाय का खाली?" डोकं रिकामं म्हणजे हात मदतीला मोकळे. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर एक वळण खाली उतरून बघून यायचं. शहरातली माणसं मला म्हणतात, तात्या, उत्तर आलं नाही याचा अर्थ खाली कुणी नाही. मी म्हणतो, ठकीनंही उत्तर दिलं नव्हतं.

मिठाची वाट कधीच बंद पडली. पलीकडून गाडीरस्ता झाला, आता दुकानात पुडीतलं मीठ येतं. या नाळेत चालणारे तुम्ही हौशी लोक आणि गवताचा भारा आणणारा मी. भारा इथं टेकवतो आणि हाक देतो. बहुतेक दिवशी उत्तर येत नाही. मग गुडघे धरून त्या वळणापर्यंत उतरतो. उतरताना रोज कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू? वळणावर कुणी नसतं. कुणी नाही हे डोळ्यांनी बघितलं की बरं वाटतं, आणि मी परत वर येतो.