खुणेखालची वाळवी

माणसाला अजून वाट सापडलेली नाही अशा एका जंगलात, जुन्या जांभळाच्या बुंध्यातल्या ढोलीत, एक खार राहत असे. त्याच झाडाच्या शेंड्यावर पऱ्यांची वस्ती होती. पऱ्या बोटाएवढ्या होत्या, त्यांचे पंख चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक होते, आणि रोज सकाळी पानापानावर फिरून त्या दवातले तेज गोळा करत. मुलांनो, दव तुम्हीही पाहिले असेल. पण त्यातले तेज वेगळे काढणे फक्त पऱ्यांना जमते. या तेजाचा गुण एकच होता. जे जिवंत आहे त्यावर त्याचा थेंब पडला की ते धडधाकट होई. कोमेजलेली कळी उमले, फाटलेला पंख सांधला जाई. वाळलेल्या काटकीवर मात्र ते कितीही शिंपडले तरी काटकी काटकीच राहत असे.

एवढे तेज रोज जमे, पण कुणाच्या उपयोगी पडत नसे. फार पूर्वी त्या जंगलात महापूर आला होता. पाणी जांभळाला फांद्या फुटतात तिथपर्यंत चढले होते. तेव्हाच्या पऱ्यांनी तेज शिंपडून अर्धमेल्या प्राण्यांना वाचवले आणि पाणी जिथे टेकले तिथे खोडावर एक खूण कोरली. तेव्हापासून पऱ्यांचा नियम ठरला : रोजचे तेज मोठ्या भोपळ्यात साठवायचे आणि संकट खुणेला टेकल्याशिवाय भोपळ्याचे बूच काढायचे नाही. ज्या परीने हे पहिल्यांदा म्हटले, तिच्या मनात बहुधा पूरच असावा. पण तिला ते कुणी विचारले नाही, आणि नंतर विचारायला ती उरली नाही.

एकदा एका सशाचा पाय मोडला. पऱ्यांनी त्याला खुणेखाली उभे केले.

"हात पोचतो का खुणेला?" म्हाताऱ्या परीने विचारले. पऱ्यांमध्ये तिचाच शब्द चाले.

"नाही पोचत," ससा म्हणाला.

"मग उडी मारून बघ."

"उडी मारता आली असती तर मी आलो असतो का?"

"म्हणजे नाही पोचत," म्हातारी परी म्हणाली, आणि ससा आला तसा लंगडत परत गेला. पऱ्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली. ती मात्र भरपूर केली.

हे खारीने आपल्या ढोलीतून पाहिले होते. पुढे एका दुपारी ढोलीच्या तळाशी तिला करकर ऐकू आली आणि मुळाजवळ मातीची बोटभर ओळ दिसली. वाळवी लागली होती. ढोलीत तिची पिल्ले होती. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. ती तडक शेंड्यावर गेली.

"मोठ्या आई, झाडाला वाळवी लागलीय."

"कुठं?"

"मुळाशी. साल अजून ओली आहे. एक थेंब द्या. साल जाड झाली की वाळवीला आत शिरता यायचं नाही."

म्हाताऱ्या परीने वाकून खाली पाहिले. "मूळ आणि खूण, केवढं अंतर आहे मध्ये! खारूताई, उगीच घाबरतेस तू. वाळवी खुणेला टेकली की ये. तुझ्यासाठी अख्खा भोपळा उघडू."

"तोवर झाड राहील का?"

"झाड?" बाजूला बसलेली तरुण परी हसली. "अगं, महापुरात हललं नाही ते. किड्यांनी हलणार?"

खार खाली आली. पुढे ती रोज माती खरवडून काढी आणि दुसऱ्या दिवशी तिथे नवी माती आलेली असे. ओळ ढोलीच्या वर चढली. खार पुन्हा शेंड्यावर गेली.

"आता निम्म्यावर आलीय," ती म्हणाली. "खालचं लाकूड वाजवलं तर पोकळ वाजतं. शेंड्याची पानंसुद्धा पिवळी पडलीत, दिसत नाहीत का तुम्हाला?"

"पानं काय, पिवळी पडतात आणि गळतात. त्याला ऋतू म्हणतात," तरुण परी म्हणाली.

"निम्मं म्हणजे निम्मंच," म्हातारी परी शांतपणे म्हणाली. "आज तुला थेंब दिला तर उद्या ससा येईल, परवा मुंगी येईल. आणि खरं संकट आलं की भोपळा रिकामा! मग याच तोंडानं तू मला नावं ठेवशील."

खारीला बोलण्यासारखे खूप होते. पण घरात पिल्ले होती, आणि शेंड्यावर वाद घालत बसून ती वाचणार नव्हती. तिने समोरच्या हिरड्यावर एक जुनी ढोली शोधली, साफ केली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून तिकडे नेले. पऱ्या फांद्यांवरून बघत होत्या.

"निघाली बाई भित्री भागूबाई!" तरुण परी ओरडली. "शेपटी विसरू नकोस गं!"

खार तोंडातले पिल्लू सांभाळत हिरड्यावर चढली.

मग एका सकाळी वाळवी खुणेला टेकली. पऱ्यांना आनंद झाला. मुलांनो, तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण खरोखरच आनंद झाला. कितीतरी पिढ्या ज्याची वाट पाहत गेल्या, ते मोठे संकट त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांनी पंख झटकून स्वच्छ केले, भोपळ्याला फुले बांधली आणि सगळी वस्ती खुणेभोवती जमली. म्हातारी परी म्हणाली, "नियम आम्ही अखेरपर्यंत पाळला." मग तिने बूच काढले आणि साठवलेले सगळे तेज एका दमात खुणेवर ओतले.

तेजाने आपले काम चोख केले. जे जिवंत होते ते त्याने धडधाकट केले. पण खुणेपासून मुळापर्यंतचे लाकूड केव्हाच मेले होते. तिथे जिवंत अशी फक्त वाळवी उरली होती. पिढ्यान् पिढ्यांचे तेज वाळवीच्या अंगी लागले. करकर आता हिरड्यावरच्या खारीलाही ऐकू येऊ लागली. दुपारी साधाच वारा सुटला, पाचोळा उडावा एवढाच. जांभूळ एकदा वाकले आणि आडवे झाले.

पऱ्यांना पंख होते, म्हणून त्या वाचल्या. भोपळा फुटला. तो रिकामाच होता, त्यामुळे त्याचे नुकसान कुणाला जाणवले नाही. पण संध्याकाळ झाली, गारठा पडू लागला, आणि गारठ्यात पऱ्यांचे पंख आखडतात. जायला जागा नव्हती. अखेर सगळ्या जणी हिरड्यावरच्या ढोलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हातारी परी पुढे होती. तरुण परी सर्वांच्या मागे, खाली मान घालून होती.

"खारूताई," म्हातारी परी म्हणाली, "आमच्यावर संकट आलंय. आता तूच ठरव, ते मोठं आहे की..."

ढोली लहान होती. खारीने पिल्लांना एका कडेला सरकवले आणि आपली शेपटी आवरून घेतली.

"मोजत काय बसलात, मोठ्या आई?" ती म्हणाली. "गार वारा सुटलाय. आत या."

तात्पर्य : लहान संकटाला थेंबभर मदत पुरते; ते मोठे होण्याची वाट पाहणारा शेवटी संकटालाच पोसतो.