झुंजाररावांची पंगत

मानाजीराजांचा कुत्रा जिन्यात अडकला. खालून दोघे ओढतायत, वरून दोघे ढकलतायत, कुणी भिंतीला तूप चोपडतंय, आणि कुत्रा आपला मधोमध बसून जांभया देतोय. राजे वरच्या पायरीवर उभे होते. खरं तर तेही तो अरुंद जिना अंग आडवं करूनच उतरायचे, पण तेवढं मात्र गडावर कुणी बोलायचं नाही.

कुत्र्याचं नाव झुंजार. एकदा शिकारीत त्यानं अंगावर आलेल्या रानडुकराला अडवून राजांचा जीव वाचवला होता. राजांनी त्याला तिथंच पोटाशी धरलं आणि शब्द दिला, "आजपासून तू माझ्या पंगतीला. जे माझ्या पानात, तेच तुझ्या पानात." झालं! झुंजाररावांना बसायला पाट, चांदीचं ताट, ताटाभोवती रांगोळी, आणि रोज बासुंदी, जिलबी, तुपात बुडालेली पुरणपोळी. शिवाय गडावर 'हाड' म्हणायला बंदी. रस्त्यावरच्या कुत्र्याला हाकलायचा शब्द तो, झुंजाररावांच्या कानांवर कसा पडू द्यायचा?

जिन्यातून कुत्रा सुटल्यावर वैद्यबुवा आले. त्यांनी झुंजारचं पोट चाचपलं आणि म्हणाले, "गोड बंद, तूप बंद, मीठमसाला बंद. साधी भाकरी, उकडलेलं मटण, लाल भोपळा, आणि चघळायला रोज एक हा..."

शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत वैद्यबुवा गडाबाहेर पडले.

मग राजांनी येसाजी आचाऱ्याला बोलावलं. "भैरोबाच्या जत्रेला महिना आहे. स्वारी निघेल तेव्हा झुंजार माझ्या घोड्यापुढे धावला पाहिजे. पण त्याच्या पानात माझ्यापेक्षा घासभर जरी वेगळं पडलं तर याद राख. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असला पंक्तिप्रपंच माझ्या गडावर चालायचा नाही. जमलं तर ठीक, नाही तर बिऱ्हाड उचल आणि गड उतर."

येसाजी घरी आला तो थेट डबे पोत्यात भरायला लागला. त्याची सून सगुणा राजांच्या पंगतीत वाढायला असायची. ती दारात येऊन थांबली.

"मामंजी, हे काय आरंभलंय?"

"निघायची तयारी, बाई. बासुंदी खाऊन कुत्रा धावलाय कधी?"

सगुणानं सगळं ऐकून घेतलं. त्या घरातली चूल तिनं स्वतःच्या हातांनी लिंपली होती. ती एका लठ्ठ कुत्र्यापायी सोडायची म्हणजे काय! मग एकाएकी तिला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

"डबे बाहेर काढा," ती म्हणाली. "मी सरकारांना एवढंच विचारून येते."

आणि गेलीसुद्धा. "सरकार, पंगतीत सगळ्यांना एकच वाढायचं, हीच आज्ञा ना?"

"हीच."

"उद्या बदलणार नाही?"

"मानाजीचा शब्द आहे!" राजे गरजले.

"मग काही अडचण नाही," म्हणून सगुणा परतली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. आधी झुंजारराव, शेजारी राजे, मग दिवाणजी आणि सरदार. सगुणानं पहिल्यांदा झुंजारचं ताट वाढलं. कुस्करलेली भाकरी, अळणी मटण, उकडलेला भोपळा आणि वर एक जाडजूड हाड. मग तेच राजांना. मग तेच दिवाणजींना, ज्यांच्या तोंडात मोजून चार दात होते. सगळी पंगत आपापल्या हाडाकडे बघत बसली.

"हे काय आहे?" राजांनी विचारलं.

"जेवण, सरकार."

"हे कुत्र्याचं खाणं आहे!"

"तो शब्द सरकारांच्या तोंडचा, माझ्या नाही. मी झुंजाररावांना पचेल ते वाढलंय."

"आणि मीठ?"

"त्यांना वर्ज्य आहे. आता तुम्हाला एकट्यांना वाढलं, तर पंक्तिप्रपंच होईल."

राजे लालबुंद झाले. पण शब्द त्यांचाच, आणि हट्टही त्यांचाच. त्यांनी भाकरीचा घास घेतला. राजे जेवतायत म्हटल्यावर बाकीचे काय करणार? दिवाणजी बिचारे हाड या गालातून त्या गालात फिरवत राहिले.

रोज तेच. सरदारांना एकाएकी उपास लागले, कुणाच्या पोटात दुखू लागलं, कुणाला सासुरवाडीची आठवण झाली. राजे मात्र इरेला पेटून पंगतीला बसायचे. झुंजार ताट चाटूनपुसून लख्ख करायचा आणि दिवाणजींनी टाकलेलं हाडही पळवायचा.

जत्रेचा दिवस उजाडला. शिंग वाजलं, आणि झुंजार जिन्यावरून चेंडूसारखा सुटला. त्याच्यामागून राजे, दोन दोन पायऱ्या टाकत, सरळ! एरवी लागणाऱ्या चौथऱ्यावर न चढताच त्यांनी घोड्यावर मांड ठोकली. स्वारी देवळाशी पोचली तरी झुंजार पुढेच होता.

तिथंच, सगळ्यांसमोर, राजांनी सगुणाला बोलावलं. आवाज करडा, पण मिशा थरथरत होत्या.

"पोरी, महिनाभर माझ्या ताटात रोज एक वस्तू पडत होती. तिचं नाव सांग."

नाव घ्यावं तर बंदी मोडते, न घ्यावं तर राजाज्ञा मोडते.

सगुणानं मान लववली. "सांगते. पण आधी सरकारांनी सांगावं, जातिवंत शिकाऱ्याला लोक काय म्हणतात? तुमच्यासारख्या शिकाऱ्याला? कशाचा शिकारी?"

राजांची छाती फुगली. "हाडाचा!"

सरदारांनी जिभा चावल्या. फक्त झुंजारनं कान टवकारले, गर्दीतून उडी घेतली आणि राजांच्या पुढ्यात बसून शेपटी हलवू लागला. कुठंय हाड?

"मी काय वेगळं नाव घेणार, सरकार?" सगुणा म्हणाली. "तुम्ही घेतलंत, आणि झुंजाररावांना तर आवडलंसुद्धा."

राजे हसले ते इतके, की घोड्याची आयाळ धरावी लागली. त्यांनी तिथल्या तिथं शब्दावरची बंदी उठवली, वैद्यबुवांना पालखी पाठवली, येसाजीची चूल पिढ्यान्‌पिढ्या कायम केली. दिवाणजींनी हात जोडून चिमूटभर मीठ मागितलं, तेही मंजूर झालं.

मग सगुणाला बक्षीस द्यायला राजांनी मनगटावरच्या सोन्याच्या कड्याला हात घातला. महिन्यापूर्वी ते तेल लावूनही निघत नव्हतं. आता राजांनी हात नुसता खाली केला, आणि कडं आपणहून घरंगळत सगुणाच्या ओंजळीत पडलं.