एकवीस सतरंज्यांखालचा गंज

विषय: राजेसाहेबांच्या जुन्या मोटारीच्या तळाला लागलेला गंज, रंगकाम हाती घेण्याआधी काढण्याबाबत.
संदर्भ: गैबी मिस्त्रीचा सतरंज्या उचलण्याच्या परवानगीचा अर्ज, श्रावण शुद्ध पंचमी.

कोण्या एका संस्थानात एक मोटार होती आणि तिला एक राजा होता. मोटार राजाच्या आजोबांची. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, ती सीमोल्लंघनासाठी बाहेर पडे आणि शिवेवरचा ओढा ओलांडून परत येई. रीत अशी, की दर दसऱ्याला तीत नवी सतरंजी अंथरायची, पण जुनी काढायची नाही. राजाचे पाय लागलेली वस्तू उचलणार कोण? ओढ्यात भिजलेल्या सतरंजीवर कोरडी, असं करत एकवीस थर झाले. राजेसाहेबांचे गुडघे हनुवटीला टेकू लागले; पण ते प्रतिष्ठा वाढल्याचं लक्षण समजलं गेलं.

त्या वर्षी राजेसाहेबांच्या मनात आलं, की मोटार आजोबांच्या वेळी होती तशी करावी. काम गैबी मिस्त्रीकडे आलं. तीन पिढ्या राजवाड्यामागच्या मोटारखान्यात राबणारं त्याचं घराणं.

गैबीने रंगाचा डबा उघडलाच नाही. तो आधी मोटारीखाली सरपटला आणि लहान हातोडीने तळ वाजवू लागला. चांगला पत्रा टण्ण म्हणतो. हा थप्प म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी तर हातोडी आत गेली आणि तिथेच राहिली. गैबीने बाहेर येऊन अर्ज लिहिला.

कारभाऱ्यांनी तो वाचला. त्यांच्याकडेही त्याच सालची तशीच मोटार होती आणि राजाचं बघून तीतही सतरंज्यांचे थर होते.

"गैबी, लोक मोटार वरून बघतात. खाली झोपून बघणारा संस्थानात तू एकटाच."

"सरकार, बसणारे वर दिसतात खरे, पण बसतात तळावरच."

"आधी रंग. तळाचं दसऱ्यानंतर. तुझा अर्ज विचाराधीन आहे. आणि ऐक, दसऱ्याला मोटार चकाकली नाही, तर मोटारखान्याची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवायची. माझ्या मोटारीसाठी शहरातला रंगारी बोलावलाच आहे. तो मग तुझ्या जागी इथेच राहील."

घरी बायको म्हणाली, "अहो, रंग फासा आणि मोकळे व्हा की. तुम्हाला थोडंच त्या मोटारीत बसायचंय?"

"मला नाही, राजेसाहेबांना बसायचंय. म्हणून तर."

तळ आणि रंग, दोन्ही होण्याइतके दिवस नव्हते. गैबीने तळ निवडला. दारांच्या चौकटींना त्याने लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला, कारण तळ कापताच मोटार मधेच वाकली असती. मग उताणा झोपून तो खालून पत्रा कापू लागला. दुपारी सगळ्या सतरंज्या एकदम खाली आल्या. सोबत पाटीभर गंजाचा चुरा, उंदराचं घरटं आणि थोरल्या महाराजांचा कधीकाळी हरवलेला चष्मा.

कारभारी धावत आले. "परवानगीशिवाय सतरंज्या काढल्यास?"

"काढल्या नाहीत सरकार, पडल्या. त्यांना धरायला तळच नव्हता."

पडलेल्या सतरंज्यांबाबत नियम नव्हता. कारभारी कागद शोधायला गेले. तेवढ्यात गैबीने कुजका भाग संपवला, नवा पत्रा जोडला आणि तळाला, अंगाला, जिथे जिथे लोखंड उघडं पडलं तिथे गंज रोखणारा तांबडा प्रायमर लावला.

दसरा उजाडला. राजेसाहेबांची मोटार तांबड्या ठिपक्यांनी भरलेली. "मोटारीला गोवर झाला की काय?" लोक हसले. राजेसाहेब ओशाळून आत बसले. गुडघे मात्र प्रथमच जागेवर होते. मागून कारभाऱ्यांची मोटार आली, आरशासारखी. गैबी रुमालात किल्ली बांधून ओढ्याकाठच्या गर्दीत उभा होता.

ओढ्यात दगडगोटे होते. ठिपक्यांची मोटार डुलत आत उतरली, धडधडली आणि पलीकडे चढली. आरशासारखी मोटार आत उतरली, एकदा आदळली, आणि आतून काहीतरी थप्प म्हणालं. मागची बैठक सतरंज्यांसकट पाण्यात. चालकाला पत्ता नाही. मोटार पुढे चालली होती आणि तिच्या आत, दोन्ही दारं घट्ट धरून, गुडघाभर पाण्यातून कारभारीही चालले होते. सीमोल्लंघन झालं, पण पायी.

राजेसाहेबांनी मोटार थांबवली. खाली बघितलं आणि जोरात पाय आपटला. टण्ण! पुन्हा आपटला. टण्ण! लहान मुलासारखे ते हसले.

"गैबी कुठंय?" गैबी पुढे आला. "रुमालात काय आहे तुझ्या?"

"किल्ली, महाराज. कारभारीसाहेबांच्या टेबलावर ठेवायची होती."

"कारभाऱ्यांना आधी वाळू दे. किल्ली तुझ्याकडेच राहू दे, तुझ्या पोरानातवंडांकडेही. रंग सवडीने दे. आणि सतरंजी यापुढे एकच, दर साली बदलायची. चल, पुढे बस."

ढोल वाजले. गोवर आलेली मोटार गावात शिरली तेव्हा लोक तिच्यावर फुलं टाकत होते. गैबी पुढे ताठ बसला होता. मागच्या कोपऱ्यात ओलेचिंब कारभारी बसले होते, सवयीने पाय वर उचलून.

यातून घ्यायचं ते एवढंच: जुन्याला नवं करायला निघालेल्याने आधी तळ वाजवून बघावा. रंग थांबतो, गंज थांबत नाही.

सतरंज्या उचलण्याच्या परवानगीसाठी गैबी मिस्त्रीने केलेला अर्ज कारभाऱ्यांकडे अद्याप विचाराधीन आहे.