उलटे गाऱ्हाणे

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर असा काही संतापला, की भरल्या देवळातून पाय आपटत बाहेर पडला. कारणही तसेच होते. गुरूने देवापुढे त्याच्याच विरुद्ध मागणे मागितले होते आणि साऱ्या गावाने त्याला होकार भरला होता. त्यातही सगळ्यांत मोठा आवाज खुद्द शिष्याचा होता.

झाले ते असे. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. ज्याचे दुःख असेल त्याने ते जाणत्या माणसाला सांगायचे, जाणत्याने ते मोठ्याने देवाच्या कानी घालायचे आणि भोवतीच्या मंडळींनी प्रत्येक वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. या गावात गाऱ्हाणे घालण्याचा मान एका वृद्धाकडे होता. त्यांना सारे आबा म्हणत. आबांचा घसा आता थकत चालला होता, म्हणून ही विद्या ते भिवा नावाच्या आपल्या शिष्याला देत होते. शिष्य कसला, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ! तूर्तास त्याच्याकडे एवढेच काम होते, की आबांचे वाक्य संपले की पहिला ‘व्हय म्हाराजा’ त्याने उचलायचा आणि मग गावाने. ते शब्द त्याच्या जिभेवर इतके बसले होते, की शेजारणीने ‘जेवलंस काय रे?’ विचारले तरी तो हात जोडून तेच म्हणतो, अशी लोक त्याची थट्टा करीत.

पण हा थट्टेचा विषय झालेला माणूस आतून पोखरला होता. त्याची बायको फार लवकर गेली. शेवंती ही एकुलती एक लेक त्याने एकट्याने वाढवली, तिच्या वेण्यासुद्धा स्वतः घातल्या. ती मोठी झाली आणि तिने खाडीपलीकडच्या एका सुताराशी आपल्या मनाने लग्न केले. भिवाचे डोके फिरले. तोंडाला येईल ते बोलून त्याने तिला घालवली, आणि ती गेल्यावर मात्र त्याचे घर त्याला खायला उठू लागले. ओट्यावरून पलीकडचे तिचे कौलारू घर दिसे. संध्याकाळी त्या कौलांतून चुलीचा धूर निघाला की भिवा सुटकेचा निःश्वास टाकी. धूर दिसला म्हणजे पोर बरी आहे. नाही दिसला, तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तिला एकदा डोळे भरून पाहावे, याखेरीज त्याला दुसरी आस उरली नव्हती.

श्रद्धा अढळ असेल तर देव मागितले ते देतो, असे त्याने कीर्तनात ऐकले होते. त्याने ते शब्दशः धरले. सोमवार धरले, अनवाणी राहिला, मनातल्या मनात एकच धोशा लावला, की देवा, शेवंतीला माझ्या दारात आण. वर्षे उलटली. देव काही हलेना. शेवटी उत्सवाच्या दिवशी त्याने आबांना गाठले, मनातले मागणे सांगितले आणि म्हणाला, “आबानू, आज माझा गाऱ्हाणा घाला.”

आबांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि हातात नारळ घेतला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो भिवा तुझ्या पायाकडे उभो आसा.”

“व्हय म्हाराजा!” भिवाने उचलले, गावाने साथ दिली.

“तेची एकच लेक, ती खाडीपलाड आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“जिवात जीव आसा तवसर ती ह्येच्या दारात पाय ठेवची नाय, असा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सवय वाईट. भिवाचा होकार खणखणीत निघाला, त्यामागून गावाचा. मग आपण कशाला होकार दिला हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागले. मागे कुणीतरी फिसकन हसले. भिवाचा चेहरा काळवंडला आणि तो तडक बाहेर पडला.

आबा काठी टेकीत होडीच्या धक्क्यापर्यंत आले, तेव्हा तो पायरीवर बसला होता.

“इतकी वर्सां उपास केलंय, आबानू,” तो म्हणाला. “तुमी एका वाक्यात मातीत घातलात.”

“माझ्या पदरचा मी कायएक बोललंय नाय,” आबा त्याच्या शेजारी टेकले. “शेवंती जात होती, तेव्हा ओट्यार उभो रवान तू तिका काय सांगलंस? आठव.”

भिवा पाण्याकडे पाहू लागला. मग पुटपुटला, “जिवात जीव आसा तवसर माझ्या दारात पाय ठेव नको, असा.”

“मग? तुझाच गाऱ्हाणा मी पुन्हा घातलंय. तू ता अख्ख्या गावाक ऐकाक येयत असा मोठ्यान घातलं होतंस. पोर बापाचो शब्द पाळता आसा. आणि तू मनातल्या मनात देवाक सांगतंस, तिका तो मोडूक लाव म्हणान! देवान आता कोणाचा ऐकायचा?”

आबांचा स्वर मऊ झाला.

“भिवा, मागितलेला मिळता काय नाय, ता एवढी गाऱ्हाणी घालूनय माका कळला नाय. मिळताना बघलंय, नाय मिळतानाय बघलंय. पण आपण ओट्यार बसायचा आणि देवाक धाडायचा, जा, तिका घेवन ये, ह्येका मी श्रद्धा म्हणूचंय नाय. ह्यो हुकूम झालो. आपलो शब्द आपणच मागे घेवचो लागता, बाबा. तो देवाक घेवक येणा नाय.”

होडी धक्क्याला लागली होती. भिवा उठला आणि तिच्यात जाऊन बसला.

शेवंती अंगणात तांदूळ पाखडीत होती. तिने मान वर केली आणि सूप तिच्या हातातच राहिले. भिवाने वाटेत पुष्कळ जुळवले होते, त्यातले काही आठवेना. तो अंगणाच्या बेड्याबाहेर, फाटकापाशीच थांबला.

“शेवंते, माझो शब्द परत घेवक इलंय.”

तिचे डोळे भरून वाहू लागले आणि त्यातच ती हसली. “पावलो गे बाय देव!”

“माका खंय पावलो?” भिवा खिन्नपणे म्हणाला. “मी मागलेला येगळा होता.”

“तुमका नाय, बाबा. माका पावलो. रोज दिवो लावन एकच मागतंय, माझो बापूस एकदा माझ्या घराक येवंदे. मी कशी येतलंय? तुमचो शब्द होतो मदी.”

भिवा तिथेच खाली बसला. आपले मागणे देवापाशी अडले आहे असे म्हणत त्याने इतकी वर्षे काढली होती, आणि शेवंतीचे मागणे तेवढीच वर्षे त्याच्यापाशी अडून होते. तो पोटच्या पोरीपुढे ढसाढसा रडला आणि तिने त्याला रडू दिले.

ज्याच्यासाठी आपण देवापुढे झुरतो, त्याच्याही मागण्यात आपले नाव आहे का, हे झुरणाऱ्याने एकदा विचारून पाहावे.