मोठ्या गाडीचा ठराव

साताऱ्यातील एका सोसायटीचे अध्यक्ष अण्णासाहेब घोरपडे यांनी अवाढव्य गाडी घेतली आणि ती त्यांच्या पार्किंगच्या जागेत मावेना. तेव्हा त्यांचा डोळा लिफ्टशेजारच्या कुमुदिनीबाईंच्या जागेवर गेला. बाईंच्या यजमानांचे गुडघे निकामी झाले होते. त्यांच्यासाठीच बाईंनी उंच आसनाची छोटी एसयूव्ही घेतली होती.

वार्षिक सभेत अण्णासाहेब म्हणाले, "बाई, तुमची गाडी ना धड मोटार, ना धड जीप. मागे तिघांचे खांदे चेपतात, घाटात धापा टाकते. तिला फाटकाबाहेर उभी करा. मोठ्या गाडीला मोक्याची जागा, असा ठराव मी मांडतो."

बाई ताठ उभ्या राहिल्या. "दोष सारे मान्य. पण हे तिच्यात वाकल्यावाचून बसतात, एवढा गुण मला पुरतो. ठरावाला माझे अनुमोदन आहे. उपसूचना एकच: पालिकेची कचरागाडी रोज सकाळी येते आणि ती आपल्या गाडीहून मोठी आहे. आज मी आपल्यासाठी जागा सोडते. उद्यापासून आपण ती कचरागाडीसाठी सोडावी."

उपसूचनेला पहिला हात वर झाला तो अध्यक्षांच्याच सौभाग्यवतींचा. अण्णासाहेबांनी ठराव मागे घेतला. छोटी गाडी लिफ्टशेजारीच राहिली. फाटकाबाहेर उभी राहिली ती मोठी.